बिनधुराची शेगडी

धाकट्यानं मागच्या थंडीत विजेचा हीटर आणला. उभट डबा, पुढं जाळी, जाळीमागं दोन नळ्या. बटण दाबलं की नळ्या आधी करड्या, मग तांबूस, मग अशा लालबुंद होतात की खोलीतली पांढरी भिंतसुद्धा तांबडी दिसायला लागते. सूनबाई म्हणाली, "आई, याला धूर नाही, राख नाही, वास नाही. खुशाल दार-खिडकी लावून झोपा." मी उठले आणि खिडकी उघडली. धाकटा वैतागला. "मग हा लावायचा कशाला?" मी म्हटलं, "तुझा हीटर तुझ्या खोलीत ने. मला खिडकी पायजे." माझा स्वभाव पहिल्यापासून तिरसट, त्यामुळं पुढं कुणी काही विचारलं नाही. म्हातारीला लहर आली, असं धरून सगळे झोपायला गेले.

लहर कसली. मला बिनधुराच्या उबेची भीती वाटते. ती का वाटते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं आज लिहून ठेवते. ते वाचून मला कुणी बोल लावला तर तो बरोबरच असेल.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. शेवटचं आहे हे आम्हाला तेव्हा कुठं माहीत होतं. माझं सासर निजामाच्याच हद्दीतल्या वाशीला आणि माहेर नळदुर्गाच्या अलीकडं, सडकेपासून कोसभर आत असलेल्या एका गावात. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी आलेली. आव्वा, म्हणजे माझी आई, मी लहान असतानाच गेली होती. घरात आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि त्यांची विधवा बहीण, आत्याबाई. पुढं आप्पांचं किराणा दुकान, मागं घर. घर माळवदाचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यांवर मातीचं सपाट छत. बाळंतिणीची म्हणून जी खोली मला दिली होती तिला खिडकी नव्हती. धूर जायला आणि उजेड यायला छतात टोपलीएवढं भोक होतं, त्याला आमच्याकडं सानं म्हणतात. पाऊस आला की वर चढून सान्यावर दगडी फरशी सरकवायची आणि पाऊस थांबला की बाजूला करायची. गावातली माळवदं एकमेकांना लागून होती. वाळवण घालायला निघालेली बाई या टोकाला चढली तर खाली न उतरता त्या टोकाला जायची.

लेकरू आठव्या महिन्यात आलं. मुलगी. माझ्या वितीहून थोडी मोठी. हातपाय गार, नखं अजून मऊ. आवाज मात्र असा खणखणीत की आत्याबाई म्हणाली, "ही काय आठव्या महिन्याची न्हाय, ही तर कज्जे करत आलीय." सगळे हसलो. खाला एकटी हसली नाही. तिनं पिंजलेला कापूस मागितला, लेकराला नाकाएवढं उघडं ठेवून त्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "बेटी, हिला ऊब पायजे. बारा दिवस तरी पायजेच. ऊब गेली की ही गेली."

खाला म्हणजे आमच्या गावाची सुईण. मशिदीच्या गल्लीत राहायची. उंच, हडकुळी बाई, लांब बोटांची. तिची सगळी अक्कल त्या बोटांत होती. पोटावर हात ठेवला की लेकरू आडवं आहे का उभं, हे ती डोळे मिटून सांगायची. मलाही तिनंच जगात आणलं होतं. उजव्या अंगठ्यात चांदीचं जाड वळं असायचं, ते तिनं कधी काढलेलं मी पाहिलं नाही.

शेक द्यायची तिची एक पद्धत होती. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, ऊब खालून बाजेच्या सुंभातून अंगाला लागते. खाला गोवऱ्या अंगणात पेटवायची आणि धूर पुरता निघून जाईपर्यंत शेगडी आत येऊ द्यायची नाही. नुसता लाल अंगार आत. दार अर्धं उघडं, सानं उघडं. शेगडी सरकवायच्या आधी अंगठ्यातल्या वळ्यानं बाजेच्या खुराला दोनदा टकटक करायची. माझे डोळे मिटलेले असले तरी मला कळावं, की अंगार येतोय, लुगडं सावर. शेक झाला की तीच टकटक आणि शेगडी लगेच बाहेर. मध्ये तिनं ती कधी विसरून ठेवली असं झालं नाही.

आत्याबाईला ते उघडं दार मुळीच पसंत नव्हतं. "अवो, वारं लागंल की पोरीला. सगळी ऊब त्या सान्यातनं जायलीय."

खाला म्हणायची, "अंगाराला बी दम लागतो, आत्याबाई. त्याचा कोंडला की तो आपला घेतो."

"अंगार काय माणूस हाय व्हय?" असं म्हणून आत्याबाई नाक मुरडायची. पण खालासमोर दार लावायची तिची टाप नव्हती.

गाव तोवर निम्मं रिकामं झालं होतं. सडकेनं बंदुका घेतलेली माणसं लॉरीतनं फिरत होती. आज या गावात शिरली, काल त्या गावात काय केलं, हे रोज कुणी ना कुणी दुकानात येऊन सांगायचं आणि सांगून स्वतः बोचकी बांधायला जायचं. लोक रात्रंदिवस सोलापूरच्या हद्दीत चालले होते. ती हद्द ओलांडली की निजामाची हुकमत संपत होती. शेजारचा सोनार बायकापोरांना घेऊन गेला आणि घराची किल्ली आप्पांकडं ठेवली. आम्हा लिंगायतांचे गुरू, जंगमस्वामी, तेही गेले. त्यामुळं लेकराच्या गळ्यात लिंग बांधायचं राहिलं. आप्पांनाही जायचं होतं, बैलगाडी तयार होती. पण पावसातनं तसल्या वाटेनं मला आणि त्या कापसातल्या जिवाला नेणार कसं? खाला म्हणाली होती बारा दिवस. आप्पा रोज सकाळी दारात येऊन विचारायचे, "आज कितवा?" आत्याबाई सांगायची तिसरा, चौथा. ते मान हलवून दुकानात जायचे.

पाचव्या दिवशी कुणीतरी आप्पांना सांगितलं की खालाच्या बहिणीचा मुलगा त्या बंदुकवाल्यांबरोबर लॉरीत बसलेला दिसला.

त्या दिवशी खाला आली तेव्हा आप्पा उंबऱ्यातच उभे होते. मला बाजेवरून सगळं ऐकू येत होतं.

"खाला, आता येऊ नका तुम्ही. आत्याबाई बघंल पुढचं."

"माझं काही चुकलं का, आप्पा?"

"चुकलं न्हाय. दिवस बरे न्हाईत."

ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या पोराचं म्हणताय. त्याला म्या दोन महिन्यांपासून उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. खुदाला ठाऊक हाय."

आप्पा वाईट माणूस नव्हते. भ्यालेले होते.

"बरं," ती म्हणाली. "मग एवढं ध्यानात ठेवा. शेक झाला की अंगार भाईर. आन् सानं उघडं."

तिची पावलं गल्लीत लांब गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. जिनं मला आणि माझ्या लेकराला दोघींना सोडवलं, ती बाई दारातून परत गेली आणि मी मनात म्हटलं, बरं झालं. अठराव्या वर्षी माणूस इतकं कोतं असू शकतं.

सहाव्या दिवशी आप्पांनी पुढच्या दाराला बाहेरून मोठं कुलूप ठोकलं, सोनाराच्या घरातून त्याच्या माळवदावर गेले, तिथून आमच्या अंगणात शिडीनं उतरले आणि शिडी आडवी करून ठेवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, हेही गेले. घर रिकामं आहे म्हटल्यावर कोण कशाला शिरेल, असा त्यांचा हिशोब. आता घरातून दोन गोष्टी बाहेर जाता कामा नयेत, असं त्यांनी सांगितलं. धूर आणि लेकराचं रडणं.

धुराची तोड आत्याबाईनं काढली. सोनाराच्या घरात सोनं वितळवायच्या मुशीसाठी आणलेल्या कोळशाची दोन पोती होती. "कोळशाला धूर नसतो," ती म्हणाली. "शेकायला गोवरी कशाला?" चूल झुंजूमुंजू असताना धुक्यात एकदाच पेटवायची, त्यावर दिवसभराच्या भाकरी आणि माझ्या अंघोळीचं पाणी. बाकी सारा दिवस कोळशाची शेगडी. खरंच, त्याला धूर नव्हता. वास म्हणावा तर तोही नाही. नुसती लाल, शांत ऊब. गोवरीच्या अंगारापेक्षा जास्त टिकणारी. त्यामुळं ती बाहेर काढायचं कारणही उरलं नाही. आत्याबाई सकाळी शेगडी बाजेखाली ठेवायची ती वरनं कोळसे घालत संध्याकाळपर्यंत ठेवायची. पाऊस होता म्हणून सान्यावर फरशी होती, पण कडेनं बोटभर फट राहायची.

रडण्याची तोड कुणाकडं नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी लेकरू रडलं की आप्पांचा चेहरा पांढरा पडायचा. मी घाईघाईनं पाजायला घ्यायची, तोंडावर पदर घ्यायची. दुपारनंतर मात्र ती कमी रडायला लागली. संध्याकाळी तर एकदाही नाही.

"बघा," आत्याबाई म्हणाली, "लेकराला सुद्धा कळतंय दिवस कसले हायेत. लई गुणाचं हाय."

सातव्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. कपाळाला कुणी ओल्या चामड्याचा पट्टा आवळतंय आणि तो वाळत चाललाय, तसं. अन्नावरची वासना गेली. उठून बसले की भिंत फिरायची. आत्याबाईनं डोक्याला फडकं घट्ट बांधलं आणि म्हणाली, बाळंतिणीला असं होतंच, वारं शिरलंय. वारं शिरलंय म्हणून तिनं सान्याची ती बोटभर फटही बुजवली. वर जाऊन फरशीवर गोणपाट दुमडून टाकलं. तिचं तिला समाधान झालं. उजेडही गेला, मग खोलीत दिवसाढवळ्या बाजेखालचा तांबडा उजेड तेवढा. आत्याबाईचा चेहरा खालून उजळलेला दिसायचा आणि मला तिची उगीच भीती वाटायची.

लेकरू झोपलेलं. पाजायला उठवावं तर दोन घोट ओढून पुन्हा मान टाकायचं. आणि लाल झालं होतं. जन्मलं तेव्हा निळसर, फिकं होतं, आता गाल असे गुलाबी की दृष्ट लागावी. आत्याबाईनं ओठांवर बोट टेकवून बघितलं. "ऊब लागली गं. अंगात रक्त आलं. आता काय चिंता न्हाय." आप्पा दारातून डोकावले, लेकराकडं बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर बरं वाटल्याचं दिसलं. शांत लेकरू. आमच्या घराला त्या आठवड्यात दुसरं काही नको होतं.

मला कुठंतरी चुटपुट लागली होती. माझं लेकरू असं नव्हतं. ते कज्जे करत आलेलं लेकरू होतं. पण चुटपुट धरून ठेवायला डोकं ठिकाणावर लागतं, माझं तेही नव्हतं. विचार सुरू व्हायचा आणि अर्ध्यात मी झोपायची.

आठवा दिवस. सकाळपासून पाऊस आणि अंधारलेलं. शेगडी खाली धगधगत होती. सडकेकडून लॉऱ्यांचा आवाज आला. आप्पांनी माझ्या खोलीचं दार बाहेरून ओढून घेतलं आणि ते पुढं दुकानाच्या दाराशी कान लावून बसले. तेही एक दार उघडं होतं, ते लागलं. आत्याबाई भिंतीला टेकून बसली होती. थोड्या वेळानं तिची मान छातीवर पडली. मला वाटलं डुलकी लागली. लेकरू माझ्या कुशीत, कापसात. मी त्याच्या नाकाशी बोट धरलं. वारा लागतोय की नाही, मला ठरवता येईना. घाबरायला हवं हे मला समजत होतं, पण भीती यायलाच तयार नव्हती. हात शिशाचे झाले होते.

तेवढ्यात माळवदावर पावलं वाजली.

ओल्या मातीवरची पावलं, जपून टाकलेली. आप्पांनीही ऐकली असणार, कारण दार उघडलं आणि ते आत आले. हातात पहार होती, दुकानात पोती हलवायला असायची ती. आत पाऊल टाकताच त्यांनी नाकपुड्या फुगवल्या, पण लक्ष सगळं वर. छत ठेंगणं, हात वर केला की सान्याला लागायचा. पहार उभी धरून ते बरोबर सान्याखाली थांबले. मी त्यांचे पाय बघत होते.

वर कुणीतरी गोणपाट ओढलं. मग फरशीवर टकटक झाली. दोनदा.

आप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि ओठ हलवून, आवाज न करता विचारलं, "कोण?"

मला कळलं होतं. अख्ख्या जगात तशी टकटक एकच बाई करते, हे मला त्या तसल्या डोक्यातही लख्ख कळलं होतं. आप्पांना ते माहीत असायचं कारण नव्हतं, बाळंतिणीच्या खोलीत शेकाच्या वेळी पुरुष येत नाहीत. फक्त मला माहीत होतं. आणि त्याच क्षणी माझ्या मनात आलं, की तिनंच वाट दाखवली. तीच त्यांना घेऊन आली. गावात आम्ही राहिलोय हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? 'खाला' एवढी दोन अक्षरं माझ्या जिभेवर होती.

मी डोळे मिटले.

फरशी सरकली. फटीतून पांढरा उजेड आत पडला आणि फरशीच्या कडेला धरायला चार बोटं आली, लांब. आप्पांनी पहार खालून वर घातली.

किंकाळी ऐकू आली नाही. दात दाबून धरल्यासारखा एक आवाज तेवढा आला. फरशी अर्धी सरकून तिरकी झाली, छतावर साचलेलं पाणी धाडकन आत कोसळलं, बाजेच्या कडेनं शेगडीवर पडलं, फस्स करून राख आणि वाफ उसळली. आणि त्या वाफेच्या वरून खालाचा आवाज आला, अगदी हळू.

"आप्पा, मी हाय. अंगार भाईर काढा. लेकरू उचला आधी. पावसात न्या, पावसात."

आप्पांच्या हातातली पहार गळाली. त्यांनी लेकराला उचललं आणि अंगणात धावले. मग परत येऊन मला ओढत नेलं, मग आत्याबाईला. आम्ही तिघी अंगणातल्या चिखलात. आत्याबाई ओकत होती. लेकरू आप्पांच्या तळहातांवर, कापूस भिजून गळालेला, पाऊस थेट अंगावर. गुलाबी आणि गप्प. खाला माळवदाच्या कडेला बसून वरून सांगत होती, "पाठ चोळा. खालनं वर. जोरात, आप्पा, मोडत न्हाई ती. तळव्याला टिचकी मारा. आता तोंडात बोट घाला." लॉऱ्यांचा आवाज सडकेवर अजून येत होता. आप्पा पाठ चोळत होते आणि रडत होते, मी त्यांना रडताना पहिल्यांदा बघितलं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग लेकरानं तोंड वाकडं केलं, एक उचकी दिली आणि रडलं. आधी चिरका आवाज, मग तोच जुना, खणखणीत, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असा. आमच्यापैकी कुणीही त्याचं तोंड झाकलं नाही. रडू दे, रडू दे, असं आत्याबाई पुटपुटत राहिली. लॉऱ्या नळदुर्गाकडं निघून गेल्या. आमच्या गावाकडं त्या दिवशी कुणी वळलंच नाही.

आप्पांनी शिडी लावली आणि खालाला उतरवून घेतलं. उजवा हात तिनं ओढणीत गुंडाळला होता आणि ओढणी लाल झाली होती. चारांतली तीन बोटं ठेचली होती. आत्याबाई हळद घेऊन धावली. खालानं आधी डाव्या हातानं लेकराचं पोट चाचपलं, डोळे उघडून बघितले, मग हात पुढं केला. ती का आली, हे तिनं हळद बांधून घेताना सांगितलं. दाराला कुलूप बघून तिला खरं वाटलं नव्हतं. सहा दिवसांची बाळंतीण आन् हे असलं लेकरू घेऊन कोण जातंय? दोन दिवस ती आपल्या माळवदावरून आमच्या घराकडं बघत होती, लेकराचा आवाज कानावर येतोय का म्हणून. तो येत नव्हता. आणि त्या सकाळी पावसात तिला दिसलं, सगळी माळवदं भिजून काळी पडलीत आणि आमच्या सान्यावरच्या गोणपाटातून वाफ निघतेय.

"खाली अंगार हाय आन् सानं बंद हाय," ती म्हणाली. "मग म्या थांबते कशी? हाक मारावी तर सडकेवर ती माणसं. म्हणून नुसतं टकटक केलं." मग माझ्याकडं वळली. "म्या दोनदा टकटक केलं, बेटी. म्हटलं, आप्पाला न्हाई कळलं तरी तुला कळंल. तुला ऐकू न्हाई आलं?"

आप्पा बघत होते. आत्याबाई बघत होती.

"न्हाय, खाला," मी म्हणाले.

तिनं चांगल्या हातानं माझ्या ओल्या डोक्यावरून हात फिरवला. "कसं ऐकू येणार गं. अंगार डोक्यात चढलेला तुझ्या."

काही दिवसांनी सोलापूरकडून फौज आली, निजामाचं राज्य गेलं. भीती संपली, असं आम्ही म्हणालो. आमची संपली. खालाच्या गल्लीत तीच भीती त्याच आठवड्यात शिरली. सडकेवरच्या माणसांनी जे केलं होतं, त्याचं उट्टं ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर काढलं गेलं. आप्पांनी आम्हाला न्यायला म्हणून सज्ज ठेवलेली बैलगाडी जुंपली, खालाला पोत्यांआड बसवलं आणि गुलबर्ग्याच्या वाटेला तिच्या लेकीच्या गावी पोचवून आले. जाताना-येताना तीन दिवस लागले. तिच्याशी काय बोलणं झालं, असं मी विचारलं. "काय बोलणार," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर आप्पांनी त्या पहारेला हात लावला नाही, पोती हातानं ओढायचे. खाला गावात परत आली नाही. बोटं वाकडीच राहिली आणि तिच्या हातानं पुन्हा बाळंतपण झालं नाही, असं बऱ्याच वर्षांनी तिकडच्या एका व्यापाऱ्यानं सांगितलं. माझी पुढची तिन्ही बाळंतपणं वाशीला झाली. सुइणी चांगल्या होत्या. शेगडी आणायच्या आणि काही न सांगता बाजेखाली सरकवायच्या.

ती मुलगी आता स्वतः आजी झाली आहे. आवाज तोच, फोनवर बोलली तर शेजाऱ्यांना कळतं. गेल्या आठवड्यात आली होती. हीटर बघून तिला ती गोष्ट आठवली आणि तिनं नातवंडांना गोळा करून सांगितली, ती नेहमी सांगते तशी. कोळसा, गोणपाट, वाफ, खाला. "आणि तुमची पणजी तर पार बेशुद्ध," ती म्हणाली, "तिला काहीच ऐकू आलं नाही. ऐकू आलं असतं तर बिचारीची बोटं वाचली असती. हो ना गं आई?"

मी हो म्हटलं. आजवर प्रत्येक वेळी म्हटलं आहे.

मी बेशुद्ध नव्हते. टकटक मला ऐकू आली होती.